ग्रामर स्कूल: जवळचं घर की कॅचमेंटमधलं घर?

स्लाउवासी
मुलगी इयर फाइव्हमध्ये आहे, सप्टेंबरमध्ये बकिंगहॅमशायरची इलेव्हन प्लस (इंग्लंडमधल्या ग्रामर स्कूलची, म्हणजे गुणांवर मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांची, प्रवेश परीक्षा) देईल. भाड्याची दोन घरं पाहतोय. एक स्लाउमध्ये, हव्या त्या शाळेपासून साडेतीन मैलांवर, पण कॅचमेंटबाहेर, म्हणजे शाळा ज्या भागातल्या मुलांना प्राधान्य देते त्याच्या बाहेर. दुसरं कॅचमेंटमध्ये, पण सहा मैलांवर. जवळचं घेतलेलं बरं ना? आणि १३० च्या वर गुण आले तर अंतराची काळजी नको, असं क्लासवाले म्हणतात. खरं आहे का?

मैलमोजणी
सहा मैलांचं घर घ्या. अंतर सगळ्यात शेवटी बघतात. आधी ज्यांच्या ईएचसीपीत (विशेष शैक्षणिक गरजांच्या अधिकृत आराखड्यात) त्या शाळेचं नाव आहे ती मुलं, मग काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) देखभालीतली पात्र मुलं, आणि त्यानंतर शाळेच्या नियमांप्रमाणे भावंडं, कॅचमेंट वगैरे. मैल मोजले जातात ते एकाच गटातल्या मुलांमध्ये पुढे कोण हे ठरवायला. कॅचमेंटमधली पात्र मुलं संपल्याशिवाय सहसा बाहेरच्यांचा नंबर लागत नाही, मग बाहेरचं घर शाळेला लागून का असेना.

गुणांबद्दल: बकिंगहॅमशायरमध्ये १२१ म्हणजे पात्र. तिथल्या बहुतेक शाळांत त्यापुढे १२२ काय आणि १३५ काय, सारखेच. बार्नेटच्या क्वीन एलिझाबेथ्सचं उलट, तिथे जागा गुणांच्या क्रमाने भरतात. किंग्स्टनच्या टिफिन शाळांत आधी ठरावीक भाग आणि त्याच्या आत गुणांचा क्रम. त्यामुळे एका भागातला सल्ला दुसऱ्या भागात चालत नाही. ज्या वर्षी प्रवेश हवा त्याच वर्षीचं प्रवेश धोरण शाळेच्या साइटवरून उतरवून घ्या आणि प्राधान्यक्रमाचं पान ओळ न् ओळ वाचा.

नकाशावाली
मोजणीबद्दल थोडं. गाडीच्या रस्त्याचे मैल इथे कामाचे नाहीत. काही ठिकाणी सरळ रेषेत मोजतात, काही ठिकाणी चालण्याच्या रस्त्याने. घराचा कुठला बिंदू, शाळेचा कुठला (फाटक की इमारतीचा मध्य), हे धोरणात स्पष्ट लिहिणं २०२१ च्या स्कूल ॲडमिशन्स कोडनुसार (शाळाप्रवेशाच्या सरकारी नियमांनुसार) बंधनकारक आहे. सीमेवरच्या घराला शंभर यार्डांनीही फरक पडतो, म्हणून काउन्सिलच्या साइटवर पत्ता टाकून तपासा. एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅटचं अंतर सारखं भरलं आणि जागा एकच उरली, तर सहसा चिठ्ठी टाकून ठरवतात.

मागच्या वर्षी शेवटची जागा किती मैलांपर्यंत गेली हा आकडा जरूर बघा, पण निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून. एखाद्या वर्षी भावंडं जास्त असली की तो एकदम आत सरकतो.

स्लाउवासी
मनापासून आभार! घर कधीपर्यंत बदलायला हवं? आणि ही शाळा फॉर्मवर पहिली लिहिली नाही तर नुकसान होतं का?

मैलमोजणी
फॉर्मची मुदत ३१ ऑक्टोबर, आणि तो राहत्या काउन्सिलकडे भरायचा. पत्ता बदलण्याची शेवटची तारीख काउन्सिलप्रमाणे वेगळी असते, ती आधी विचारून घ्या. भाडेकरार आणि काउन्सिल टॅक्सचं बिल मागतात. स्वतःचं घर दुसरीकडे असताना शाळेपुरतं भाड्याने घेतलं, तर बऱ्याच ठिकाणी मालकीच्या घराचाच पत्ता धरतात. पत्ता खोटा निघाला तर दिलेली जागाही काढून घेता येते. असला धोका मुलीच्या वाट्याला अजिबात आणू नका.

पसंतीचा क्रम शाळेला दिसत नाही. खरोखर हवी तीच पहिली लिहा. एकाहून जास्त शाळांत बसत असेल तर तुमच्या यादीतली वरची मिळते. मात्र खात्रीची, जवळची बिगर-ग्रामर शाळा खाली कुठेतरी असू द्याच. १२१ मिळाले म्हणजे जागा मिळाली असं नाही.

नकाशावाली
१ मार्चला ऑफर आली नाही तर वेटिंग लिस्टवर नाव आहे ना, याची खात्री करा. तिथेही हाच प्राधान्यक्रम चालतो, कोण आधी आलं ते बघत नाहीत. नवीन नाव आलं की यादी पुन्हा लावावी लागते, त्यामुळे चौथ्या नंबरवरून सहाव्यावर जाणंही शक्य आहे. ही यादी निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते.