शब्दचर्चा : वणवा, भाजणी, जाळपट्टा

कोल्हापूर शहर : कर्नाटकातल्या सोलिगा जमातीचे लोक आणि ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी आपल्या वडिलोपार्जित रानात आग कशी वापरत आले, यावर त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन केलेल्या संशोधनाचा लेख मराठीत करतोय. 'पारंपरिक वणवा व्यवस्थापन' चालेल का?

राधानगरी : नको. वणवा लागतो, भडकतो, माणसं विझवायला धावतात. 'वणवा लावला' म्हणजे आपल्याकडं थेट आरोप. तुमच्या लेखातली आग वेळ आणि वारा बघून, हद्द आखून लावलेली आहे. तिला आपलं क्रियापद आहे 'भाजणे'. 'तरवा भाजणी', म्हणजे भाताची रोपं तयार करायची जागा भाजणं, जिल्ह्याच्या पश्चिम भागात सगळ्यांना कळते.

गगनबावडा : भाजणीच योग्य, कारण ती नीट शिकावी लागते. एकरभर लागणीला साधारण चार गुंठे तरवा. खाली फोडलेलं सुकं शेण, त्यावर ऐन-किंजळीचा टहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर भुसभुशीत मातीचा पातळ थर. माती हवीच, ती जाळ दाबते आणि राख उडू देत नाही. कडेचं गवत आधी खरवडून घ्यायचं. वारा ज्या टोकाकडं वाहतो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते, शेण धुमसत राहतं, वरची माती तापते आणि तणाचं बी मरतं.

उलट्या बाजूनं पेटवलं तर गवत क्षणात जळतं, शेण तसंच राहतं, आणि पुढं रोपांबरोबर तणही जोमानं येतं. ठिणगी शेजारच्या रानात गेली की मग तो वणवा. जाड लाकूड घालू नये, माती विटेसारखी लाल आणि कडक होते.

आजरा : 'जाळपट्टा' यात मिसळू नका. हिवाळ्यात पट्ट्यातलं गवत कापून वाळवायचं, सकाळी आजूबाजूला दंव असताना जाळायचं, दोन्ही कडांना हिरवे डहाळे घेऊन माणसं उभी. त्याचा हेतू एवढाच, की उन्हाळ्यात आलेली आग पलीकडं जाऊ नये. आणि उसाचं पाचट पेटवणं ही भाजणी नव्हेच, त्यात राखण्यासारखं काही नसतं.

चंदगड : आम्हाला कानडी जवळचं, म्हणून सांगतो. बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा 'तरगु बेंकी' म्हणतात. तरगु म्हणजे वाळका पाचोळा, बेंकी म्हणजे आग. कोरड्या दिवसांच्या सुरुवातीला, पाचोळा पातळ असताना लावलेली बुटकी आग. 1974 साली अभयारण्य झालं आणि ती थांबली. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 30 नुसार अभयारण्यात आग लावायला बंदीच आहे. सोलिगांचं निरीक्षण असं, की त्यानंतर घाणेरीची (लँटाना) झुडपं माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढलं. संशोधकांबरोबर झाडं मोजून त्यांनी हे मांडलं, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. जंगल रोज बघणाऱ्याचं म्हणणं उशिरा का होईना कागदावर आलं.

पण 'आग पुन्हा सुरू करा' एवढंच लिहू नका. घाणेरी माजल्यावर ज्वाळा तिच्यावरून झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते. आधी ती मुळासकट उपटायला हवी.

राधानगरी : ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्येही हेच तत्त्व. 2006 पासून सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर मूळ रहिवासी रेंजर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच ठिकठिकाणी जाळतात, त्यामुळं उशिराच्या मोठ्या आगी कमी होतात. हंगाम मात्र त्यांचाच लिहा, एप्रिल ते जुलै. आपल्या फाल्गुन-चैत्राशी जोडलं तर वाचक फसेल.

कोल्हापूर शहर : मग 'भाजणी' घेतो. नुसतं लिहिलं तर थालीपीठ आठवेल, म्हणून 'रानभाजणी'. आणि 'मूळ रहिवासी' ऐवजी सरसकट 'आदिवासी'?

आजरा : सोलिगांना चालेल, ते अनुसूचित जमातीत आहेत. पण लेखात आपल्या धनगरवाड्यांचा उल्लेख येणार असेल तर नाही. ते त्या यादीत नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करतात, आणि त्यासाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. शिवाय 'आदिवासींवरील संशोधन' लिहू नका. 'वर' लावलं की अभ्यास दुसऱ्यानं केला असा अर्थ होतो. 'सोलिगांचं रानभाजणीचं संशोधन' लिहा, आणि 'तरगु बेंकी' पहिल्यांदा येईल तिथं शेजारी 'पाचोळ्याची आग' द्या.