ईथर परत मिळवायचं तर रोटाव्हॅपच हवा का?

विदर्भातली_मास्तरीण
यंदा आमच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेसाठी थोडे पैसे आलेत आणि सगळे एकच म्हणतायत, रोटाव्हॅप (पंपाने दाब कमी करून, चंबू फिरवत द्रव उडवणारं यंत्र) घ्या. मला ते पटत नाही. आमचं रोजचं काम म्हणजे वनस्पतींच्या अर्कातलं डायएथिल ईथर परत मिळवणं, एका वेळी अर्धा लिटर. ते ३४.६ अंशांना उकळतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी त्याहून गरम असतं! म्हणजे अडचण उकळवण्याची नाहीच, वाफ थंड करून पकडण्याची आहे. त्यात व्हॅक्यूम लावला की आणखी बिघडतं. २० अंशांना ईथरचा बाष्पदाब पाऱ्याच्या ४४० मिमीच्या आसपास असतो. दाब त्याखाली गेला की २० अंशांच्या पाण्याने काहीच थंड होत नाही, सगळं पंपातून बाहेर. पाणी गार करणाऱ्या चिलरसकट घ्यायला पैसे पुरणार नाहीत. त्यापेक्षा साधं ऊर्ध्वपातन करावं: ४५-५० अंशांचं वॉटर बाथ, उभा लावलेला गुंडाळीचा कंडेन्सर (वाफ थंड करणारी काचेची नळी), त्यात कूलरच्या मोटरने फिरवलेलं बर्फाचं पाणी, ईथर गोळा करणारा खालचा चंबूही बर्फात.

पुण्याचा_फार्मावाला
मॅडम, रोटाव्हॅपला व्हॅक्यूम लावायलाच हवा असं कुठे आहे? ईथर, डायक्लोरोमिथेन यांच्यासाठी आम्ही पंप बंदच ठेवतो. चंबू फिरतो, आतल्या काचेवर पातळ थर पसरतो, द्रव उसळत नाही आणि काम लवकर उरकतं. तुमच्या मांडणीत विद्यार्थी तासभर उभा राहणार. तो चहाला गेला आणि चंबू कोरडा पडला तर? जुन्या ईथरमधली पेरॉक्साइडं तळाशी साठून स्फोट होतो.

विदर्भातली_मास्तरीण
पंप बंद ठेवायचं मान्य. पण मग बर्फाचं पाणी तुम्हालाही लागणारच. आणि पेरॉक्साइड उपकरण बघून थांबत नाही, फिरता चंबूही कोरडा पडतोच. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची, पोटॅशियम आयोडाइडने तपासायचं, पिवळं पडलं तर आधी फेरस सल्फेटच्या द्रावणाने धुवायचं, आणि तळाशी थोडं ईथर राहिलं की थांबायचं. ही शिस्त नसेल तर महागडं यंत्र वाचवणार नाही.

लॅब_असिस्टंट_२२_वर्षं
मॅडमच्या बाजूने आहे, पण कूलरची मोटर वाचून धडकी भरली. ईथरची वाफ हवेच्या अडीच पट जड. ती ओट्यावरून उतरते आणि फरशीलगत पसरते, आणि आपण बादली-मोटर नेमकी फरशीवर ठेवतो, प्लगचा बोर्डही तिथेच. एक ठिणगी पुरते. बादली उंचावर ठेवा, प्लग हूडपासून (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटापासून) लांब. खालच्या चंबूच्या बगलेच्या तोंडाला रबरी नळी लावून हूडच्या आत खोलवर सोडा. ते तोंड बुचाने बंद मात्र कधीच करू नका, दाब साठेल. हॉट प्लेट तर नकोच. ईथर १६०-१८० अंशांना ज्योतीशिवायही पेट घेतं, आणि प्लेट दिसायला तापलेली दिसत नाही. मी पाणी दुसऱ्या खोलीत तापवून आणतो, गार झालं की बदलतो.

पुण्याचा_फार्मावाला
दादा, बादलीचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मॅडम, फक्त ईथर असेल तर तुमचं चालेल. पण कॉलममधून पदार्थ वेगळे केल्यानंतरचं इथाइल ॲसिटेट, हेक्झेन रोज लिटरभर उडवायचं असेल, तर ७७ आणि ६९ अंशांच्या त्या द्रवांना व्हॅक्यूमचा खरा फायदा आहे. ते काम किती आहे, ते सांगा.

विदर्भातली_मास्तरीण
वर्षातून दोन महिने, प्रोजेक्टच्या वेळी. तेवढ्यासाठी शेजारच्या विभागाचा रोटाव्हॅप मागून घेते. आमच्या पैशांतून आधी हूडचा पंखा दुरुस्त होईल, मग कंडेन्सर.