टेल लाइट बंद, मीटरही काळा

बी-२०३ : नमस्कार मंडळी. काल रात्री बोरघाट चढताना मागचा ट्रकवाला सारखा हॉर्न मारत होता, मला वाटलं साइड मागतोय. लोणावळ्यात चहाला थांबलो तेव्हा एकाने सांगितलं की तुमचे मागचे दोन्ही लाइट बंद आहेत. हेडलाइट चालू होते म्हणून मला पत्ताच नाही. मीटर काळा, एसीची बटणं पण काळी. पाऊस, धुकं आणि मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली, अजून अंगावर काटा येतोय. आपल्या पार्किंगमधल्या उंदरांनीच वायर खाल्ली असणार, मी मार्चपासून सांगतोय.

ए-५०१ : पेस्ट कंट्रोलचं कोटेशन मी जूनमध्येच टाकलंय. कमिटीचं उत्तर नाही.

सी-१०४ : उंदीर म्हटलं की आता सगळे गणपतीच्या सामानाकडे बोट दाखवणार. ते सामान कोणाच्या घरचं नाहीये, सगळ्यांचं आहे.

बी-२०३ : वहिनी मी तुमचं नाव घेतलं का?

सी-१०४ : सामान ठेवलंय तो खांब तुमच्याच गाडीशेजारचा आहे ना, नाव घ्यायला कशाला हवं.

डी-३०२ काका : भांडण नंतर करा रे. ब्रेक दाबल्यावर मागे लाल लागतं का? इंडिकेटर?

बी-२०३ : दोन्ही लागतात काका.

डी-३०२ काका : मग बल्ब गेलेला नाही. तुझ्या गाडीत एकाच बल्बात दोन फिलामेंट आहेत, ब्रेकचं २१ वॅटचं, टेलचं ५ वॅटचं. दोन्ही बाजूंचं टेलच तेवढं एकदम जाणार नाही. टेल, नंबर प्लेट आणि मीटरचा लाइट एकाच फ्यूजवर आहेत, ब्रेकचा फ्यूज वेगळा. स्टिअरिंगखाली झाकण आहे, उघडून बघ.

बी-२०३ : बघितला. लाल, १० अँपिअरचा, जळालाय. नवीन टाकला तर पार्किंग लाइट लावताक्षणी तोही उडाला 😞

ए-४०३ : हिरवा ३० चा टाक भाऊ, माझ्याकडे आहे, परत उडणार नाही.

डी-३०२ काका : अजिबात नाही!! फ्यूज उडाला नाही तर वायर जळेल, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आतून जाते. असले सल्ले ग्रुपवर देऊ नका, कोणीतरी खरंच करेल.

ए-४०३ : सॉरी काका.

ए-५०१ : पेस्ट कंट्रोलचं कोटेशन मी जूनमध्येच टाकलंय.

सेक्रेटरी : मिळालं आहे. रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. 🙏

डी-३०२ काका : कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वायर उघडी पडून बॉडीला टेकतेय. टेलचे, नंबर प्लेटचे सगळे बल्ब काढ, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोड आणि पार्किंग लाइट लाव. बल्ब लख्ख पेटला म्हणजे शॉर्ट अजून आहे. मग मागून एकेक वायर हलवत जा, जिथे हात लावल्यावर बल्ब विझेल तिथेच दोष. डिकीच्या बिजागरीपासून सुरू कर, रिव्हर्स कॅमेरा बसवलायस ना?

बी-२०३ : हो, दिवाळीत.

*(पावणेदोन तासांनी)*

बी-२०३ : सापडलं काका!!! नंबर प्लेटची वायर कॅमेरावाल्याने बाहेरून ओढलेली, डिकी उघडझाक करून बिजागरीत घासली, आतलं तांबं बॉडीला लागत होतं. कापून नीट जोडली, स्लीव्ह घातली, १० चाच फ्यूज टाकला. मीटर लागला, मागचे लागले. वहिनी, उंदीर नव्हते, माझी चूक झाली.

सी-१०४ : असू दे. मुलं सुखरूप आली हे महत्त्वाचं. सामान रविवारी गच्चीवर हलवतो.

ए-५०१ : उंदीर तरीही आहेत. कोटेशन परत टाकू का?

डी-३०२ काका : टाका. आणि सगळ्यांनी आज अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, पार्किंग लाइट लावून आरशात बघा. भिंतीवर दोन्हीकडे लाल दिसायला हवं. नियमाप्रमाणे टेल लाइट १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, घाटातल्या पावसात तेवढंच मागच्याला आपलं अस्तित्व कळतं.

ए-४०३ : काका आत्ता बघितलं. माझा डावा बंद आहे.

डी-३०२ काका : एकच असेल तर आधी बल्ब. डिकी उघडून ठेव, खाली येतोय.