ए-लेव्हल इंग्लिश लिटरेचर : ऑथेल्लोच्या निबंधात गुण १५ च्या वर का जात नाहीत?

प्रश्न :
मुलगी इंग्लंडमध्ये इयर १२ मध्ये आहे (शाळेच्या शेवटच्या ए-लेव्हल परीक्षेचं पहिलं वर्ष). परीक्षा मंडळ एक्यूए, लिटरेचर ए, पेपर १ ला शेक्सपियरचं 'ऑथेल्लो'. नाटक तिला जवळजवळ पाठ आहे, तरी २५ पैकी १४-१५ च मिळतात. शेरा दरवेळी तोच : ऐतिहासिक संदर्भ वरून चिकटवलेला. नेमकं काय बदलायचं? आणि टीकाकारांची अवतरणं पाठ हवीतच का?

उत्तर १ :
१४-१५ म्हणजे बँड ३ (पाचपैकी तिसरा गुणस्तर) : विषयाला धरून, पण सरधोपट. २५ गुणांत एओंना, म्हणजे मूल्यमापनाच्या निकषांना, असं वजन आहे : एओ१ (मांडणी आणि युक्तिवाद) ला ७, एओ२ (भाषा आणि रचनेतून अर्थ कसा घडतो) आणि एओ३ (संदर्भ) ला ६-६, एओ४ (इतर साहित्याशी संबंध) आणि एओ५ (वेगवेगळे अन्वयार्थ) ला ३-३. मात्र परीक्षक त्यांची वेगवेगळी बेरीज करत नाहीत, सगळं उत्तर वाचून बँड ठरवतात. म्हणून संदर्भाचा वेगळा परिच्छेद लिहिण्यात काही हशील नाही.

'त्या काळी मुलींवर बापाची मालकी असे' हे वाक्य त्या काळच्या कुठल्याही नाटकाला चालेल, तिथेच ते फुकट जातं. त्याऐवजी पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश घ्या. खलनायक इयागो ब्रॅबॅन्शिओला, म्हणजे ऑथेल्लोशी गुपचूप लग्न केलेल्या डेस्डिमोनाच्या बापाला, झोपेतून उठवतो तो 'चोर, चोर' असं ओरडून, आणि सांभाळायला सांगतो घर, मुलगी आणि थैल्या, एका दमात. मुलगी मालमत्तेच्या यादीत मधोमध बसली. आता मालकीबद्दल अर्धं वाक्य लिहिलं तरी पुरतं, कारण ते शब्दांतूनच निघालं. एओ२ आणि एओ३ एकत्र साधले.

प्रश्नासोबत नाटकातला जो उतारा दिलेला असतो, त्याकडेही मुलं दुर्लक्ष करतात. तो छापून समोर असतो, तेव्हा निम्म्याहून अधिक उत्तर त्यावर हवं. कोण जास्त बोलतो, कोण गप्प आहे, पद्य कुठे मोडतं ते आधी पाहावं. चौथ्या अंकात अपस्माराचा झटका येण्याआधी ऑथेल्लोची भाषा पद्यातून तुटक गद्यात घसरते. अशी एक जागा नीट उलगडली, तर उपमा-रूपकांच्या नुसत्या नोंदींपेक्षा कितीतरी भारी.

उत्तर २ :
अवतरणं पाठ करायची सक्ती नाही. प्रश्नातच एक मत दिलेलं असतं. त्याच्याशी वाद घालणं हाच एओ५ चा मुख्य भाग. टीकाकार आणायचेच तर दोन पुरेत. टीकाकार ब्रॅडली (१९०४) ऑथेल्लोला फसवला गेलेला थोर माणूस मानतो, लीव्हिस (१९३७) दोष त्याच्या आत्मप्रेमात शोधतो. शेवटचं भाषण दोघांच्या नजरेतून वाचायचं आणि आपल्याला कोणतं वाचन पटतं, का पटतं, ते लिहायचं. नुसत्या नावाला काही मिळत नाही.

प्रश्नकर्ता :
एकाच नाटकावर प्रश्न असताना एओ४, म्हणजे इतर साहित्याशी संबंध, कुठून आणायचा?

उत्तर १ :
दुसरं पुस्तक ओढून आणू नका. पेपरचा विषय 'युगायुगांतलं प्रेम' आहे. प्रेमसाहित्यात किंवा शोकात्मिकेत मत्सरी नवरा एरवी कसा दाखवतात, आणि इथे तो त्या साच्यात कुठे बसतो, कुठे बसत नाही, एवढं दोन-तीन ठिकाणी आलं की झालं.

उत्तर ३ :
वेळेचंही बघा. तीन तास, तीन उत्तरं, प्रत्येकी २५ गुण. शेक्सपियरवर सव्वा तास गेला की सेक्शन सी मधली (दोन साहित्यकृतींची) तुलना घाईत उरकली जाते, आणि तिथले गुणही तेवढेच असतात. आराखड्याला १० मिनिटं, लिखाणाला ५०. पुस्तक फक्त सेक्शन सी ला जवळ ठेवता येतं, म्हणून ऑथेल्लोमधले तीन-चार शब्दांचे तुकडे पाठ करावेत. लांब ओळी आठवण्यात वेळ जातो आणि वाक्यात बसतही नाहीत.