मध्येच गेलेला नवरा, मध्येच गेलेला बाप : आठवणी लिहा (अनुभव धागा)

नवरा किंवा वडील चाळिशी-पन्नाशीत गेले अशी घरं आपल्यात बरीच आहेत. त्या माणसांविषयी लिहायला हा धागा. अट एकच: ‘देवमाणूस होते’ एवढ्यावर थांबू नका. ते श्रद्धांजलीच्या फलकावरही असतं. माणूस काय करायचा ते लिहा. कशावर चिडायचा, बाजारातून काय आणायचा, पोरांचं काय काय बघायचा. नंतर कागदपत्रांसाठी जी धावाधाव झाली, त्यातलं दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काही असेल तर तेही येऊ द्या. सुरुवात मी करते.

माझे मिस्टर साखर कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा पाडतात त्या मोठ्या भांड्यावर. गळीत हंगाम लागला की होळीपर्यंत घर त्यांच्या पाळीवर चालायचं. रात्रपाळी करून सकाळी आठ-साडेआठला यायचे, अंगाला मळीचा वास, आणि झोपायच्या आधी लेकीच्या दोन वेण्या घालायचे. मला येत नव्हत्या असं नाही, पण तिला त्यांच्याच हातच्या हव्या असायच्या, ते केस ओढत नसत म्हणून. भांग जरा वाकडा गेला की सगळं सोडून पहिल्यापासून. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि हे कंगवा धरून उभे.

पॅनमधला नमुना काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरून दाणा कितपत आलाय ते बघायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यामुळे घरी रव्याच्या लाडवांचा पाकही त्यांच्याच ताब्यात. अंगठा आणि बोटात थेंब धरून तार बघणार आणि ‘अजून नाही’ म्हणणार. रवा भाजून मी ताटकळत. सासूबाई म्हणायच्या, “ह्याला पगार चालू केलाय का आपण?”

४७व्या वर्षी गेले, ऑफ सीझनला. दुपारी छातीत जळजळतंय म्हणाले, घाम आला होता. पित्त झालंय म्हणून थंड दूध घेऊन आडवे झाले. तालुक्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना मधुमेह होता, आणि मधुमेह असला की हृदयाचा झटका फारसं न दुखताही येतो, हे मला नंतर कळलं. चाळिशीपुढच्या माणसाला घाम फुटून ‘पित्त’ झालं, तर आधी ईसीजी काढून घ्या. पित्ताचं नंतर बघता येतं.

चिपळूण, मुलगा

बाबा एसटीत कंडक्टर. बरीच वर्षं मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी निघायचं, शेवटच्या गावात रात्र काढायची, पहाटे कॉलेजची पोरं आणि बाजाराची माणसं घेऊन परत. येताना पिशवीत कधी रातांबे, कधी कुळीथ, कधी अर्धा फणस. विकत काहीच नसायचं, सगळं लोकांनी दिलेलं.

घरात त्यांचे दोन खिसे होते. एक महामंडळाचा, एक आमचा. चामड्याच्या पिशवीला आम्ही हात लावायचा नाही, पेनासाठी दोन रुपये सुटे हवे असले तरी. रविवारी कुठे जाऊया म्हटलं की उत्तर ठरलेलं, “मी रोज फिरतोच की.” आईचा यावर कायम राग. त्यांच्याबरोबर ती अख्ख्या संसारात पंढरपूरला गेली तेवढीच.

वरच्या गावांतली म्हातारी माणसं त्यांच्याकडे औषधांच्या रिकाम्या पट्ट्या द्यायची. हे शहरातून नव्या आणून दुसऱ्या फेरीला पोचवायचे. खिशातल्या वहीत नाव, गोळी, पैसे. ५१व्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. तेराव्याला एक आजोबा आले, आम्ही कुणी त्यांना ओळखत नव्हतो. शेवटच्या थांब्याच्याही पुढच्या वाडीतून चालत येऊन पहाटेची गाडी धरली होती. म्हणाले, मास्तरांचे ऐंशी रुपये द्यायचे राहिलेत. आईने ते घेतले, आणि त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मी तेव्हा बारावीत. अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीसाठी अर्ज कर असं जो तो सांगत होता. आईने कागद गोळा केले, पण मला कॉलेज सोडू दिलं नाही.

इचलकरंजी, पत्नी

आमचे हे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे यांचं हळू बोलणंही चार घरांना ऐकू जायचं. आमची भांडणं गल्लीला पाठ. पोरीच्या कानात ‘आईला सांगू नको हं’ म्हणायचे तेसुद्धा मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आठवड्याचा पगार झाला की भडंगाचा पुडा आणि पोरीला एक चित्रकलेची वही. वही संपलेली नसली तरी नवी. घरात कोऱ्या वह्यांचा ढीग आहे अजून.

मला खरं लिहायचंय ते सासूबाईंबद्दल. हेरवाड आमच्याजवळच, शिरोळ तालुक्यातलं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची हे सगळं बंद, असा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. यांनी पेपरातली ती बातमी सासूबाईंना वाचून दाखवली, म्हणजे गल्लीलाच दाखवली.

पुढच्या वर्षी हे गेले. ४४ वय. बायका रीतीप्रमाणे पुढे झाल्या तशा सासूबाई माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “माझ्या लेकानं भरलेल्या बांगड्या हायत. कुणी हात लावायचा न्हाई.” स्वतः पस्तिशीत विधवा झालेली बाई. त्यांच्या वेळी असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

ठरावानं सगळं बदलतं असं मात्र नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणारी घरं अजून दोनच आहेत, आणि त्यातलं एक माझ्या जावेचं.

मेलबर्न, मुलगी

थोडंसंच. जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं बाबा घालायचे. कोपरे इतके टोकदार की बाईंनी वर्गात दाखवले होते. लेबलवर नाव, इयत्ता, तुकडी त्यांच्या अक्षरात, आणि विषयाखाली दोन रेघा. मी नववीत जाताना ते नव्हते. आईने कव्हरं घातली, ती ऑगस्टपर्यंत फाटली. नववीची पुस्तकं मी टाकून दिली, आठवीची इथे आणली आहेत.

पुणे, मेहुणा

जरा रुक्ष लिहितो, पण हे कुणीतरी लिहायलाच हवं. बहिणीचे यजमान खाजगी कंपनीत होते. पीएफ म्हणजे जमलेली रक्कम, एवढंच तिला माहीत. प्रत्यक्षात तीन गोष्टी असतात. जमलेली रक्कम, त्यासाठी फॉर्म २०. कुटुंब पेन्शन, त्यासाठी १०डी. आणि विमा, त्यासाठी ५आयएफ. विम्याचा हप्ता कंपनी भरते, पगारातून काही कापलं जात नाही, म्हणून लोकांना त्याचा पत्ताच नसतो. नोकरीत असताना माणूस गेला तर यात कमाल सात लाखांपर्यंत मिळतात. पेन्शन पत्नीला, आणि एका वेळी दोन मुलांना पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत, प्रत्येकाला आईच्या पेन्शनच्या २५ टक्के. नोकरी दहा वर्षं झालेली नव्हती, मग पेन्शन कसली, असं बहिणीला एकाने सांगून परत पाठवलं होतं. दहा वर्षांची अट म्हातारपणच्या पेन्शनला असते, या पेन्शनला नाही.

बँकेचं पासबुक नीट बघा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना असणार, दोन लाखांची. भाऊजींनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पासबुकात सापडलं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या, प्रत्येक खिडकीवर एक ठेवून घेतात.

आणखी एक. बँकेतल्या ठेवीचा किंवा सोसायटीतल्या फ्लॅटचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलं, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा सारखा वाटा. आईचा वाटा अनेक सुनांना माहीत नसतो, आणि मुलींचा वाटा अनेक दिरांना माहीत असून आठवत नाही.

रावेर, पत्नी

पुण्याच्या दादांनी दिरांचं लिहिलं त्यावर हसू आलं. माझे दीर चांगले आहेत हो, पण व्यापारी केळीचा भाव त्यांनाच विचारायचा. बाग माझ्या बांधावर, मी समोर उभी, आणि हा त्यांच्याशी बोलतोय.

आमच्याकडे मृगबाग आणि कांदेबाग अशी दोन वेळची लागवड. यांनी प्रत्येक बागेची वही ठेवलेली. लागवड कोणत्या तारखेला, खत कधी, निसवण (झाडातून घड बाहेर पडणं) कधी सुरू झाली, घडाला फण्या किती ठेवल्या. मध्येच भलतंच: ‘आज धाकटा पोहायला शिकला’, ‘हिचा दात दुखतोय, भुसावळला नेणे’. खताच्या हिशोबाखाली माझा दात! ते ४९व्या वर्षी अपघातात गेले, तेव्हा कांदेबाग ऐन निसवणीत होती. रडायला सवड नव्हती, घडांना सवड नसते. रात्री वही वाचायची आणि सकाळी मजुरांना तेच सांगायचं. पहिल्या कटाईला व्यापारी दिरांना भाव सांगायला लागला तेव्हा दीरच म्हणाले, “वहिनीले विचारा, वही तिच्याकडे आहे.”

सातबाऱ्यावर वारस नोंदीचं काम लगेच करून घ्या. नोंद लागेपर्यंत पीककर्ज आणि विमा दोन्ही अडकतात.

नाशिक, भाऊ

सगळं वाचलं. माझा मोठा भाऊ या उन्हाळ्यात गेला, ४८ वर्षांचा होता. वहिनी फारशी बोलत नाही. पुतण्या दहावीत आहे, तो तर काहीच बोलत नाही. मी रोज जातो, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतो आणि चहा पिऊन येतो. अजून काय करू?

धागाकर्ती

दादा, ‘सांगा’ म्हटलं की कुणी सांगत नाही, मीही कधी सांगितलं नाही. तुम्हीच काम ठरवून जा. गॅसचा नंबर लावणं, गाडीची सर्व्हिसिंग, वीजबिल, ही कामं भाऊ करत असेल तर एकेक वहिनींना बरोबर घेऊन करा. बँकेत सोबत जा, पण खिडकीशी त्यांनाच बोलू द्या. चूक झाली तर होऊ दे. पुतण्याला अभ्यासाचं विचारू नका, सगळे तेच विचारत असतील. भावाची दुचाकी असेल तर रविवारी ती पुसायला त्याला खाली बोलवा. आणि पुण्याच्या दादांनी दिलेली फॉर्मची नावं आजच लिहून घ्या.