घरात स्किझोफ्रेनिया आहे, जीन टेस्टनं कळते का?

वऱ्हाडी_पोट्टा: माझ्या काकाले स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होतात तो मानसिक आजार) आहे, आता बहिणीचं लग्न जमवून राहिलो तर पाहुणे आडून आडून विचारतात अजून कोणाले आहे का. धंतोलीतला एक लॅबवाला म्हणे रक्त द्या, जीनमध्ये असलं तर सांगतो. इतकं सोपं आहे का बाप्पा?

धरमपेठकर: पैसे वाचवा भाऊ. एक जीन सापडला अन् झालं असं इथं नाहीच. २०२२ मध्ये ७६ हजारांवर पेशंटचा डीएनए तपासला तेव्हा जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएतल्या, या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा हाती लागल्या, अन् त्यातल्या बहुतेकींचा एकेकटा परिणाम एवढुसा. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला असला तर निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही.

मेडिकलवाली_ताई: अन् मुळात पेशंट कोणाला म्हणायचं हीच भानगड. शुगरसारखा आकडा नसतो, डॉक्टर बोलण्या-वागण्यावरून ठरवतात, आज फाइलीवर डिप्रेशन लिहिलेला माणूस पुढं बायपोलरचा (कधी खूप उदास, कधी अति उत्साही) निघतो, मग अभ्यासाच्या गटातच भेसळ. त्यात सँपल बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांचे, त्यावरून काढलेला रिस्क स्कोर, म्हणजे डीएनएवरून धरलेला धोक्याचा अंदाज, आपल्याकडे नीट बसत नाही.

वऱ्हाडी_पोट्टा: मंग पाहुण्यांले सांगू काय?

मेडिकलवाली_ताई: कोणालाही शंभरात एकाच्या आसपास शक्यता असते, काकाला असला तर पुतणीला दोन ते चार. काकांच्या डॉक्टरांनाच भेटवून द्या त्यांना, लॅबवाल्याचा रिपोर्ट दाखवला तर उगाच अजून शंका काढतील.

धरमपेठकर: अन् काकांच्या गोळ्या सुरू आहेत ना? लग्नाच्या गडबडीत चुकवू नका.