मदत हवी आहे: पुण्याहून बोरीवली नॅशनल पार्क, गाडी न नेता एका दिवसात

डिसेंबरात एका दिवसात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान करायचं आहे. दोघं जण, त्यातलं एक साठीच्या पुढचं. सपाटीवर ५-६ किमी चालता येतं, पण सलग चढ आणि पायऱ्या गुडघ्याला मानवत नाहीत. ट्रेकिंग नको, जंगलातून निवांत चालायचं आहे. स्वतःची गाडी नाही, कॅबही शक्यतो नको. कुठली ट्रेन पकडावी, आत किती चालणं होईल आणि परत कसं यावं?

---

घाटमाथा:

पहिली गोष्ट म्हणजे सोमवार टाळा. उद्यान आणि आतली कान्हेरी लेणी दोन्ही सोमवारी बंद असतात. शक्यतो रविवारही टाळा. एक तर आत गर्दी फार, आणि दुसरं म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक. ब्लॉक साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका तुमच्या जाण्याच्या वेळेला गाठणार. शनिवार सगळ्यात बरा.

पुण्याहून सकाळी सहाच्या सुमाराची सिंहगड एक्सप्रेस घ्या. डेक्कन क्वीन ७:१५ ला आहे, पण तिने गेलात तर उद्यानात पोचेपर्यंत बारा वाजतात. सिंहगडचं सेकंड सिटिंगचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच करून ठेवा. जनरल डब्यात पासधारकांचे ग्रुप ठरलेले असतात, तिथे बसायला मिळेल या भरवशावर राहू नका.

साडेनऊच्या आसपास दादरला उतरा. पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे जा आणि ‘बोरीवली फास्ट’ पकडा. विरार फास्ट समोर उभी असली तरी गर्दी असेल तर सोडा. विरारकरांच्या गाडीत बोरीवलीवाल्याला चढू देत नाहीत, आणि चढलात तर बोरीवलीला उतरताना हाल. बाकी तुमचं नशीब चांगलं आहे. सकाळचा लोंढा चर्चगेटकडे आणि संध्याकाळचा विरारकडे असतो, तुम्ही दोन्ही वेळा उलट्या दिशेने जाताय.

बोरीवली पूर्वेला बाहेर पडलात की उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार चालत १५-२० मिनिटं.

---

कुडा_कारवी:

आतलं मी सांगते. बहुतेक लोक गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जातात, उन्हात दमतात आणि लेणी पाहायला अंगात त्राण उरत नाही. तुम्ही उलटं करा. जाताना उद्यानाच्या बसने कान्हेरीला जा, येताना चालत या. रस्ता ६ किमीच्या आसपास आहे, पूर्ण डांबरी, आणि परतीला बराचसा उतार लागतो. रमतगमत पावणेदोन तास. सुट्टीच्या दिवशी बसला रांग असते, तेव्हा तिकीट काढल्यावर गेटजवळ फोटो काढत बसू नका.

कान्हेरीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं. लेणी शंभरावर आहेत, सगळी पाहायच्या फंदात पडू नका. खालच्या अंगाला ३ क्रमांकाचं चैत्यगृह आहे. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना जवळपास ७ मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. तिथून थोडं वर ११ क्रमांकाचं, ज्याला दरबार म्हणतात. गुडघ्यासाठी एवढं पुष्कळ झालं. वर चढायचंच असेल तर कातळात कोरलेल्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, उतरताना आडवं पाऊल टाका. लेण्यांशेजारी दगडात कोरलेली पाण्याची टाकी दिसतील, तिथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. पाणी मात्र स्वतःचं न्या, माणशी २ लिटर.

माकडांचं मनावर घ्या. त्यांना पिशवीची सळसळ लगेच कळते. डबा कापडात गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवा, चेन पूर्ण लावा, हातात काहीही लोंबतं ठेवू नका. आणि खायला बसाल तर भिंतीला पाठ टेकून बसा!

चालताना डांबरी रस्ता सोडू नका. बाजूला पायवाटा दिसतात, मोह होतो. पण शिलोंडासारख्या वाटांवर परवानगी आणि वाटाड्या असल्याशिवाय जाता येत नाही, त्याची चौकशी निसर्ग माहिती केंद्रात करावी लागते. बिबट्यांचं जंगल आहे, म्हणून अंधार पडायच्या बऱ्याच आधी गेटवर या. कारवी या झुडपाचा फुलोरा विचाराल तर तो २०२४ ला होऊन गेला. दर ८ वर्षांनी येतो.

---

सह्याद्रीवाला:

दादरच्या पुलाबद्दल थोडा मतभेद. गुडघ्याचा प्रश्न आहे तर सिंहगडने ठाण्यालाच उतरा. फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, पादचारी पुलाने गुंदवली आणि मेट्रो ७ ने ‘राष्ट्रीय उद्यान’ स्टेशन. देवीपाडा गेलं की पुढचंच. मेट्रोत लिफ्ट आणि सरकते जिने आहेत.

---

घाटमाथा:

शनिवारी चालेल. पण कामाच्या दिवशी सकाळी घाटकोपरहून अंधेरीकडे जाणारी मेट्रो म्हणजे चेंगराचेंगरी, तेव्हा दादरच बरं.

---

धागाकर्ता:

शनिवार नक्की केला, मेट्रोने जातो. परतीचं कसं जमवावं?

---

घाटमाथा:

उलटं मोजत या. सिंहगड सीएसएमटीहून ५:५० ला सुटते, दादरला सहाच्या सुमारास येते. त्यासाठी बोरीवलीहून पावणेपाच-पाचची लोकल हवी, आणि ती तिथूनच सुटणारी घ्या म्हणजे बसायला मिळेल. म्हणजे सव्वाचारपर्यंत गेटवर, आणि कान्हेरीहून अडीचला निघायलाच हवं. दादरला प्लॅटफॉर्मचे क्रमांक २०२३ च्या डिसेंबरात बदललेत, मध्य रेल्वेचे आता ८ ते १४ आहेत. कुणी जुना क्रमांक सांगितला तर बोर्ड बघून खात्री करा.

चुकलीच गाडी तर दादर पूर्वेहून एसटीची शिवनेरी बस. पैसे जास्त जातील, आणि शनिवारी संध्याकाळी वाशीपर्यंतच तासभर मोडतो.

---

कुडा_कारवी:

अडीचला पाय निघत नसेल तर उतरतानाही बस घ्या आणि शेवटच्या दोन किमीला चाला. सावली तिथेही आहे.